कवंडाळाचा एकटा वेल

बाई,

चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासल्याचा आवाज आठवतो तुम्हाला? पुढे जाताना सप्पकन, आणि परतताना जरा हलका, दमल्यासारखा. गिरगावातल्या आपल्या कॉलेजात, वरच्या मजल्यावरच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, आम्ही सगळी मुलं-मुली टेबलाच्या कडेला पट्टे अडकवून एकदम वस्तरे घासायला लागलो की तो आवाज जिन्यापर्यंत जायचा. केमिस्ट्रीची मुलं दारातून डोकावून विचारायची, "काय रे, दाढीचा नंबर लावायचा का?" तुम्ही आत आलात की सगळं थांबायचं. तुम्ही कुणाचाही वस्तरा उचलायचात, त्याची धार नखाला टेकवून बघायचात, आणि "चालेल" किंवा "अजून घास" एवढंच म्हणायचात. माझ्या वाट्याला बहुतेक "अजून घास" यायचं. मला त्याचं वाईट वाटत नसे. घासता घासता खिडकीतून समोरच्या पिंपळाकडे बघायला मिळायचं, मनातल्या मनात शाळेच्या पुस्तकातली एखादी कविता पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणून व्हायची. आता प्रयोगशाळेत तो आवाज नाही. ब्लेडची पाकिटं मिळतात, बोथट झालं की टाकून द्यायचं. सोय आहे, तक्रार नाही. पण देठाचा पातळ काप घ्यायच्या आधी जे थांबणं होतं, ते गेलं.

'आता प्रयोगशाळेत' म्हणजे काय, असं तुम्ही लगेच विचाराल. तर बाई, मी एम.एस्सी.ला बसलोय. वनस्पतिशास्त्रच. तुम्ही ज्या वर्षी मला ये म्हणाला होतात, त्यानंतर अर्धशतक उलटून गेलंय. परळच्या एका कॉलेजात जातो, लालबागहून चालत. वर्गात बहुतेक मुलीच आहेत, आणि त्यांच्यात पांढऱ्या केसांचा मी एकटा. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तेव्हा सगळ्या उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं नवे सर आले. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा जे हसू फुटलं त्यात माझंही होतं. आता त्या मला आजोबा म्हणतात. "आजोबा, कसला सेक्शन काढलाय, चपातीएवढा जाड आहे," असं तोंडावर सांगतात, आणि मग माझा हात थरथरतो म्हणून स्वतःचा एखादा चांगला काप माझ्या काचपट्टीवर ठेवू बघतात. मी घेत नाही. दहा जाड काप टाकतो तेव्हा एखादा पारदर्शक मिळतो, आणि तो मिळाला की दिवसभर पुरतो.

तेव्हा का आलो नाही, ते तुम्हाला माहीत होतं. घरात मी मोठा, वडिलांचं गिरणीतलं काम सुटलेलं, विमा कंपनीतली नोकरी चालून आली आणि मी ती धरली. सांगायला तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही एका शब्दाने टोचलं नाहीत. कपाटातून तुमचा स्वतःचा वस्तरा काढलात, लाकडी डबीसकट हातात दिलात आणि म्हणालात, "याने दाढी करू नकोस." बस. मी डबी घेऊन जिना उतरलो. खूप वर्षांनी, मी बदलीवर नागपूरला असताना, तुम्ही गेल्याचं कुणीतरी बोलण्याच्या ओघात सांगितलं. तोवर तुम्हाला जाऊन दोन पावसाळे झाले होते. कार्यालयातून घरी आलो, जेवलो, पुस्तक उघडून बसलो. काय करायचं असतं अशा वेळी, ते मला कळेना.

आज हे सगळं लिहायला बसलो त्याला कारण आहे. उद्या सकाळी मला माझ्या मॅडमना एक उत्तर द्यायचंय. आमच्या मॅडम माझ्या मुलापेक्षाही लहान आहेत, पण मार्गदर्शक त्या. प्रबंध आहे तसा देऊन टाकायचा, की पुन्हा एकदा मुदत मागायची, एवढाच प्रश्न. अडलंय एका फुलावर. संध्याकाळ व्हायला थोडा अवकाश आहे, गॅलरीतल्या कळ्या दिवेलागणीशिवाय उमलत नाहीत, म्हणून तोवर तुमच्याशी बोलतो.

विषय मी माझ्या घरातलाच घेतला. तुमच्या गिरगावातल्या घरी माटवी नसायची, म्हणून सांगतो. आम्हा कोकणातल्या लोकांकडे गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगतात. तिला नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळ आणि रानातून आणलेली फळं-फुलं बांधतात. मूर्तीच्या वर रान लोंबतं म्हणा ना. लालबाग-परळच्या चाळींतून अजून बांधतात, गावाहून येणाऱ्याबरोबर रानसामान मागवतात, नाहीतर बाजारातून आणतात. यातली प्रत्येक गोष्ट नेमकी कोणती वनस्पती, तिला फूल कसं, फळ कसं, ती कुठून येते, हे मी लिहितोय. प्रत्येकीचा नमुना दाबून, वाळवून, कागदावर शिवून जोडायचा. फळ आणि फूल दोन्ही हवं, नर-मादी फुलं वेगळी असतील तर तीही दोन्ही, नाहीतर तो नमुना अर्धा.

सगळ्यांचं जमलं, कवंडाळाचं सोडून. कवंडाळ म्हणजे लालभडक, लिंबाहून मोठं, गोल फळ. चवीला इतकं कडू की पोरं एकमेकांना फसवून चाखायला लावायची. माझी आई माटवीच्या बरोबर मध्यभागी ते बांधायची. लहानपणी आरतीच्या वेळी मी गणपतीकडे कमी आणि त्या फळाकडे जास्त बघायचो. पण त्याचं फूल मी कधी बघितलं नव्हतं. आईनेही नाही. गावाकडे विचारलं, तर तिथेही सगळ्यांना फळच ठाऊक. "फूल येत असतलाच की, पण बघता कोण?" असं एका म्हाताऱ्या काकांनी फोनवर सांगितलं आणि माझी तब्येत विचारायला लागले.

म्हणून पहिल्या वर्षीच्या गणपतीत विसर्जनाच्या दिवशी मी माटवीतलं कवंडाळ काढून बाजूला ठेवलं. आमच्या शेजारच्या वहिनी, मालवणकडच्या, दारातच उभ्या होत्या. त्यांना ते आवडलं नाही. "काका, बाप्पाबरोबर जावचा ता. घरात ठेवू नये." मी म्हटलं, "ठेवत नाही, पेरतोय." "पेरा, पण मगे पुढच्या गणपतीक आमच्या माटयेक तुमच्याच घरातली कवंडाळा," असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आणि आठवडाभरात अख्ख्या मजल्याने आपापली मागणी नोंदवली. गॅलरीच्या टोकाला पाण्याचं जुनं पिंप होतं, त्यात माती भरून मी बिया टाकल्या.

आणि इथे, बाई, मी जे केलं ते ऐकून तुम्ही चष्मा काढून डोळे चोळले असते. रोपं वर आली, दाट आली. मी काय केलं, सगळ्यांत जोमदार एक ठेवलं आणि बाकीची उपटून टाकली. लहानपणापासून हेच बघितलेलं. आई दर पावसाळ्यात डब्यात पडवळ लावायची, दोन-चार बिया रुजल्या की एक ठेवायची, डब्यातलं पाणी एकालाच पुरतं म्हणून. पडवळाला ते ठीक आहे. पडवळाच्या एकाच वेलावर नर फुलंही येतात आणि मादी फुलंही, एक वेल असला तरी घरात भाजी होते. कवंडाळाचं तसं नाही. त्याचा वेल एकतर नर असतो, नाहीतर मादी. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहूनही आलो होतो. पण गॅलरीत मातीत हात घातला तेव्हा पुस्तक हातात नव्हतं, आईचा डबा होता. उपटलेल्या रोपांत एखादी तरी मादी असणार.

गेल्या पावसाळ्यात वेलाला नुसती पानं आली. कठड्यावरून तो तीन दारं ओलांडून गेला, वहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांत शिरला. गणपती आले आणि फळ काही नाही. या आषाढात मात्र कळ्या धरल्या. लांबोळ्या, फिकट हिरव्या. सकाळी उठून बघावं तर कोमेजून लोळागोळा झालेलं काहीतरी गॅलरीत पडलेलं. मग लक्षात आलं, हे फूल संध्याकाळचं. आपल्या शाळेच्या कवितांत फुलं नेहमी पहाटेच उमलायची, दव पडायचं, कोकिळा गायची. संध्याकाळच्या फुलाची कुणी सवय लावली नव्हती. त्या दिवशी खुर्ची टाकून बसलो. खाली रस्त्यावर दिवे लागले, आणि कळीची घडी अशी सावकाश सुटत गेली. पांढरं शुभ्र फूल, आणि प्रत्येक पाकळीची कड तंतू तंतू सुटलेली, कुणी रेशमाच्या रुमालाची किनार उसवून वाऱ्यावर धरावी तशी. मी किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. मग भानावर येऊन फुलाच्या खाली बोट लावून बघितलं. मादी फूल असतं तर तिथे, देठाच्या टोकाला, इवलंसं फळ आधीच बसलेलं असतं, मुगाच्या दाण्यासारखं. तिथे काही नव्हतं. दुसऱ्या फुलाखाली नव्हतं. कुठल्याच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोटो दाखवला. "वॉव काका," त्या म्हणाल्या, आणि मग फोटो मोठा करून, हसू दाबत, "पण हा मेल आहे हो."

वहिनींना सांगणं जास्त कठीण गेलं. "काका, फुला तर इली, आता कवंडाळा कधी धरतली?" मी म्हटलं, धरणार नाहीत. "कित्याक? वांझ आसा?" "वांझ नाही हो, पुरुष आहे तो." वहिनींनी साडीत शिरलेला शेंडा सोडवून कठड्यावर टाकला. "मगे तेका बायल बघा एखादी. तुमच्यासारखो एकटो किती दिवस ऱ्हवतलो?" आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून त्यांच्या सुनेचं हसणं ऐकू आलं. माझी बायको असती तर तीही हसली असती. तिला जाऊन पाच वर्षं झाली, ती असेपर्यंत मला कॉलेजचं नाव काढायची गरज पडली नाही.

तुमच्या स्वयंपाकघरात नर आणि मादी फुलांचा धडा मी पहिल्यांदा शिकलो, हे या वेलामुळे पुन्हा आठवलं. रविवार होता, मी जर्नलवर तुमची सही घ्यायला आलो होतो. तुमच्या आई विळीसमोर बसून केळफूल सोलत होत्या, हाताला तेल लावून. तुम्ही मला पाट दिलात. "बस, हात लाव. यातली काडी आणि हा पापुद्रा काढायचा." मी एकेक फूल घेऊन काढायला लागलो. तुमच्या आईंनी थोडा वेळ निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "मुलगा केळफूल सोलतोय. लग्नाला हरकत नाही." तुम्ही म्हणालात, "आई, विद्यार्थी आहे तो माझा." "मग? विद्यार्थ्यांची लग्नं होत नाहीत?" मी खाली मान घालून सोलत राहिलो. तुम्ही त्यांच्याकडे लक्ष न देता मला सांगत होतात, केळीच्या दांड्यावर वरची फुलं मादी, त्यांचा घड होतो. टोकाला हा जांभळा कोंब राहतो, त्यात उरतात ती नर. "म्हणजे भाजीत आपण फक्त पुरुष खातो," असं तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, आणि तुमच्या आईंना इतका ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. मी बघतो आहे अजून, खिडकीतून ऊन पाटावर पडलंय, केळफुलाची जांभळी पानं होड्यांसारखी एकात एक रचून ठेवलीत, आणि तुमच्या हातात एक फूल आहे. तुम्ही ते सोलता सोलता थांबून बघताय. रोज खात असलेली गोष्ट. तरी बघताय.

रागावलातही होतात तुम्ही, एकदाच. सदाफुलीचं वर्णन लिहायला सांगितलं होतं आणि मी 'गुलाबी वस्त्र नेसून उंबऱ्यात उभी राहिलेली' वगैरे लिहून आणलं. तुम्ही सगळ्यांसमोर वही उंच धरलीत. "हे फूल आहे की नवरी? जे दिसतं ते आधी लिही. जे वाटतं ते घरी लिही, आणि मला दाखवायचं असेल तर वेगळ्या कागदावर." मी खरंच वेगळ्या कागदावर कविता करून आणली. तुम्ही ती शेवटपर्यंत वाचलीत आणि पेन्सिलीने एकच दुरुस्ती केलीत. यमकासाठी मी सदाफुलीला चार पाकळ्या दिल्या होत्या. "कवितेतसुद्धा पाचच," म्हणालात. मॅडमही हल्ली माझा मजकूर वाचून म्हणतात, "काका, खूप सुंदर लिहिलंय, पण हा थिसिस आहे." मी मग एकेक विशेषण काढतो. काढताना बरं वाटतं, घरात कुणी रागावणारं आहे असं वाटतं.

तर आता प्रश्न असा. मॅडम म्हणतात, 'मादी फूल उपलब्ध झाले नाही' असं एक वाक्य लिहा आणि उद्या देऊन टाका. सगळे असं लिहितात, त्यात कमीपणा नाही. आणखी मुदत मागितली तर विभागात त्यांनाच उत्तरं द्यावी लागतील, हेही त्यांनी हळूच सांगितलं. ठाण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, एका फुलासाठी किती ताणायचं? डिग्री घ्या, आपण पेढे वाटू." कोकणात कुठे मादी वेल फुलला असेल तर शोधायला जावं म्हटलं, तर गुडघे रानात चढू देत नाहीत. मी सगळ्यांना सांगतो की अर्धा नमुना देणं मला पटत नाही, आमच्या बाईंना चाललं नसतं. तुमचं नाव पुढे केलं की कुणी वाद घालत नाही.

तुमची गिरगावातली इमारत आता नाही, तिथे काचेचं उंच काहीतरी उभं आहे, हे पत्र टाकायला पेटी शोधायचाही प्रश्न नाही. म्हणून इथे मोकळेपणाने लिहून टाकतो. मला ते फूल मिळायची घाई नाही. प्रबंध दिला की सकाळी डबा भरून परळपर्यंत चालत जायचं कारण उरणार नाही. दारात शिरताना "आजोबा आले" असं कुणी म्हणणार नाही. कापाला जाड म्हणणारं कुणी राहणार नाही. अपुऱ्या नमुन्याची खंत खरी आहे, पण ती मला सोयीची झाली आहे. जोवर फूल मिळत नाही, तोवर मी विद्यार्थी आहे. उद्या मी मुदतच मागणार, हे खरं तर दुपारीच ठरलं होतं माझं. धीर यावा म्हणून तुम्हाला लिहीत बसलो.

दार वाजतंय. दिवे लागले वाटतं. वहिनी असतील, साड्या काढायला आल्या असतील.

वहिनी नव्हत्या. घाईत लिहितोय, बाई. मॅडम आहेत. यापूर्वी कधी घरी आलेल्या नाहीत. जिना चढून धापा टाकत होत्या, सलवारला गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पाण्याची अर्धी कापलेली बाटली आणि त्यात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला वेलाचा शेंडा. "सॉरी काका, न सांगता आले. वडाळ्याला यार्डाच्या कुंपणापाशी बस थांबली होती, खिडकीतून पान ओळखीचं वाटलं म्हणून उतरले. लोक तिथे निर्माल्य टाकतात ना, त्यातूनच रुजला असणार. कुणाच्या तरी माटवीतला." त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. एक कळी, टोकाला जेमतेम पांढरी झालेली, आणि तिच्या खाली हिरवा फुगवटा, मुगाएवढा. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आहे.

त्या गॅलरीत पाणी पितायत आणि माझ्या वेलाकडे बघून, साड्या काढायला आलेल्या वहिनींशी काहीतरी बोलतायत. कळी पूर्ण उमलली की लगेच दाबायला हवी, नाहीतर कोमेजेल. मघाशी त्यांनी विचारलं, "मग काका, उद्या देताय ना?" मी हो म्हणालो. आवाज जरा लहान निघाला, पण निघाला. टीपकागद पसरायला हे टेबल रिकामं करावं लागेल, म्हणून इथेच थांबतो.